वरचा माणूस

आमच्या सभापतींना आयुष्यात कुणी हरवलं नाही. जे काही झालं, ते वरच्या माणसानं केलं. वरचा माणूस म्हणजे देव नव्हे. देवाशी त्यांचं बरं होतं. वरचा माणूस म्हणजे निकाल देणारा. मग तो पंच असो, तहसीलदार असो की कबड्डीत शिट्टी फुंकणारा ड्रिल मास्तर. पंचायत समितीच्या निवडणुकीत ते सपाटून पडले, तेव्हा मतमोजणीच्या मंडपातून बाहेर येत म्हणाले, "लोकं आपलेच हायेत, पर वरचा माणूस त्यांचा हाय." त्यामुळे ते सभापती कधी झालेच नाहीत. पण निवडणुकीआधीच कार्यकर्ते त्यांना त्या नावानं हाका मारू लागले होते. निकालानंतर ते नाव परत घ्यायचं कुणाला सुचलं नाही आणि यांनीही ओ देणं सोडलं नाही.

इंटरनेट तालुक्याला नुकतं पोचलं होतं. वडवणीच्या बसस्थानकासमोर मी तीन कॉम्प्युटर मांडून कॅफे उघडला होता आणि तेवढ्यावर सभापती मला 'इंजिनिअर' म्हणत. पुतण्याचा बारावीचा निकाल बघायला म्हणून ते आले. शेजारी कॉलेजची पोरं आणि एक तरुण मास्तर अवकाशातला एक खेळ खेळत होते. जगभरची माणसं त्यात एकाच वेळी उतरायची आणि दोन फौजांत विभागली जायची, चांदीवाले आणि तांबेवाले. एकमेकांची जहाजं पाडायची, तळ घ्यायचे, एवढाच उद्योग. सभापतींनी खुर्ची ओढली.

"ह्याच्यात हरायलंय कोण?"

"तांबेवाले," मास्तर म्हणाले.

"कावून?"

"खेळ बनवणारी कंपनी चांदीवाल्यांच्या बाजूची हाय. त्यांची जहाजं लई पळतात."

सभापतींचा चेहरा उजळला. घरचं माणूस भेटावं तसे ते पडद्याकडे बघत राहिले. "मंग लिव्हा आपलं नाव तांब्यात," म्हणाले. पुतण्याचा निकाल बघायचा राहून गेला.

जहाज हाकणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. जे हाती घ्यायचे ते दगडावर आदळायचं. पण पुढाऱ्याला नांगर धरता आलाच पाहिजे असं थोडंच आहे? ते बैठका घ्यायचे, चहा मागवायचे, रुसलेल्याची समजूत काढायचे. चांदीवाल्यांकडे पळून निघालेल्या एका पोराला त्यांनी पक्षांतरावर एवढं सुनावलं की तो परत आलाच, वर आणखी दोघांना घेऊन आला. आमच्या सगळ्यात मोठ्या तळाला 'पाली' हे नाव त्यांनीच दिलं. "बिंदुसरेचं धरण हाय तिथं, ते गाव आटायचं न्हाई," हे त्यांचं कारण.

पालीवर हल्ले मात्र नेमके आमची लाइट गेली की व्हायचे. लोडशेडिंग सुरू झालं, कॉम्प्युटर बंद पडले, की चांदीवाले आलेच म्हणून समजा. "आपलं टायमटेबल कंपनीला दिलं कुणी?" सभापती टेबलावर हात आपटून विचारायचे. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरूनच यायचं, त्यामुळे लाइट नसताना ती तार मोकळी असायची. मग रागाच्या भरात ते माझ्याच फोनवरून बीडला दिलेल्या लेकीला, शोभाला, फोन लावायचे आणि गेलेल्या लाइटपासून सगळं गाऱ्हाणं तिला सांगायचे.

शेवटी त्यांनी आंदोलन पुकारलं. खेळात बहुतेक जहाजं जिथून जायची अशी एक अरुंद वाट होती, तिला आम्ही घाट म्हणायचो. तांबेवाल्यांची झाडून सारी जहाजं घाटात आडवी लावली आणि अवकाशात रास्ता रोको झाला. कुठकुठल्या देशांतली माणसं अडकून पडली, शिव्या देऊ लागली. सभापतींनी निवेदन सांगितलं, मी त्याचं इंग्रजी केलं. 'तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' याचं इंग्रजी करताना माझा घाम निघाला. पण कंपनीचा माणूस खरोखर आला. त्यानं लिहिलं, जहाजांचा वेग आम्ही तपासू. हल्ल्याच्या वेळा आमच्या हातात नसतात, त्या खेळणारे ठरवतात. आणि आम्ही तांबेवाल्यांना झुकतं माप देतो, अशी तक्रार चांदीवाल्यांनीही केली आहे.

सभापतींनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. "त्येची सासुरवाडी कुठल्या बाजूला हाय, तेवढं इचार," म्हणाले. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाइट गेल्यावर त्यांनी शोभाला फोन लावला. पलीकडून ती हसत बोलली ते मलाही ऐकू आलं. "आप्पा, तुमची लाइट गेली म्हनून मी यांना सांगितलं की हे ताटावरून उठतात बघा. म्हनतात, आता पाली घेतो."

जावई! त्यांचा बीडला कॉम्प्युटर क्लास होता. जावयाला आपल्याकडे उगाच दहावा ग्रह म्हणत नाहीत. त्यात हा ग्रह लग्नापासून रुसलेला होता. लग्नात पहिल्या पंगतीला सभापतींनी नवरदेवाच्या काकांना उठवून तिथे एका पुढाऱ्याला बसवलं होतं. तेव्हापासून जावयानं उंबरा ओलांडला नव्हता आणि शोभालाही सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जावं लागे. माहेरी मुक्काम नाही.

पुढे अधिक महिना आला. जावयाला बोलावून अनारसे आणि धोंडे खाऊ घालायचा महिना. सभापतींच्या घरी काकूंनी, म्हणजे शोभाच्या आईनं, अनारशाचं पीठही तयार केलं. सभापतींनी आमंत्रण धाडलं, त्याचं उत्तर खेळातच आलं: "मामा, पाली हातात आली की धोंड्याला येतो." जावयानं ते थट्टेनं लिहिलं असेल. सभापतींनी ते थट्टेवारी नेलं नाही.

पाली म्हणजे आमची वर्षभराची कमाई होती. ती राखायची म्हणून रविवारी आम्ही सगळे हजर होतो, आणि नवल म्हणजे लाइटही होती. सभापतींनी हुकूम सोडला, "समदी जहाजं घाटात न्या. ते तिकडूनच येनार." आम्ही नेली. घाटात कुत्रंही फिरकलं नाही. इकडे मोकळी पाली चांदीवाल्यांनी मागच्या बाजूनं येऊन आरामात घेतली.

मास्तर उठून उभे राहिले. "सभापती, तुमी हे जानूनबुजून केलं. ह्याला पक्षपात म्हनतात."

जन्मभर हा शब्द सभापती दुसऱ्याला लावत आले होते, त्यांना तो प्रथमच कुणी लावत होतं. मला वाटलं, आता टेबलावर हात आपटतील. त्यांनी टोपी नीट केली.

"केला," ते म्हणाले. "लेक दोन वरसं माझ्या घरात निजली न्हाई, मास्तर. मला वर बसवलंत ती तुमची चूक. माझी आशा सोडा आता."

ते गेले आणि पुन्हा कॅफेत आले नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्यांची खुर्ची रिकामी बघवेना.

आठवड्याभरानं पोरांनी एका दुपारी पाली परत मिळवली. चांदीवाले त्या दिवशी कसे कोण जाणे, अगदीच ढिले पडले होते. ही बातमी तरी सभापतींना आनंद देईल म्हणून मी धावत त्यांच्या घरी गेलो. आत शोभा आईशी गप्पा मारत होती, तिच्या हसण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. ओसरीवर जावई आडवे होऊन घोरत होते आणि सभापती उशाशी बसून त्यांच्यावरच्या माशा वारत होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"पाली आपल्याला मिळाली," मी कुजबुजलो.

त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी हळूच माझं मनगट धरलं.

"ब्येस झालं. पर ह्यांना आज सांगू नगा, इंजिनिअर. पोरगी आनखी दोन दिवस ऱ्हानार हाय."