नमुन्यातला सडा

नववीचे 'माझी आई' हे निबंध तपासताना तिसाव्या वहीपाशी माझं डोकं उठलं. सगळ्यांच्या आया पहाटे उठत होत्या, अंगणात सडा घालत होत्या आणि शेवटी देवासमान होत होत्या. दोष मुलींचा नव्हता. आमच्या सोलापूरच्या शाळेत पर्यवेक्षक सरांनी नमुना निबंधासकट नियमांचा कागदच वाटला होता: तीन परिच्छेद, सुरुवातीला सुविचार, शेवटी संदेश, बोलीतला शब्द दिसला की अर्धा मार्क कमी.

तिसावी वही ज्या मुलीची होती, तिच्या घरी तेलुगू बोलतात. मी तिला बोलावलं.

"तुमच्याकडं अंगण आहे?"

"न्हाई बाई. दुसऱ्या मजल्यावर राहतो आमी."

"मग आई सडा कुठं घालते?"

"नमुन्यात हाय की."

"खरं काय करते?"

"विड्या वळते." मग आपणहून म्हणाली, "कारखान्यातनं विड्या खराब म्हणून परत आल्या की त्या दिवशी आमी तिला काहीच मागत न्हाई."

"हेच लिही."

"कुठल्या परिच्छेदात?"

मी वैतागून म्हटलं, नियम सोड, तुला हवं तसं लिही. ती तासभर कोऱ्या पानाकडे बघत बसली. शेवटी सात ओळी झाल्या. त्यात एकही पूर्णविराम नव्हता आणि आई विड्या 'वळतो' असं लिहिलं होतं. आता माझी पंचाईत झाली. नियम नकोत म्हणणारी मीच तिला शेजारी बसवून लिंग, क्रियापद, विराम शिकवू लागले. चार दिवसांनी त्या ओळी नीट उभ्या राहिल्या. तिनं त्या मला मोठ्यानं वाचून दाखवल्या, न अडखळता.

वह्या पुन्हा तपासताना पर्यवेक्षक सरांनी त्याला दहापैकी पाच दिले. "संदेश कुठाय?" म्हणाले.

"सर, एवढा खरा निबंध वर्गात दुसरा नाही."

"मान्य. पण बोर्डाचा पेपर तपासणारा अनोळखी असतो, बाई. त्याला साचा दिसला की तो मार्क देतो. पोरीचं नुकसान करू नका."

मी भांडले. ते हलले नाहीत, आणि त्यांचं सगळंच खोटं होतं असंही मला म्हणता येईना, म्हणून जास्तच चिडचिड झाली.

सहामाहीच्या आधी मुलगी विचारायला आली, "बाई, पेपरात कसं लिहू?"

"पेपरात कागदाप्रमाणे लिही. वहीत तुझ्याप्रमाणे."

तिनं मान हलवली आणि गेली. तिला ते सहज पटलं, याचाच मला दिवसभर राग येत राहिला.