जास्वंदीवरचा शिंपी

आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पण परसदारी किस्से मात्र रोज साचतात! आमचं आणि शेजारच्या नरसक्काचं परसदार एकच, मध्ये कंपाउंड नाही. त्यामुळं किस्सेही सामाईक.

*

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं आमच्या ह्यांचं मत. एकदा त्याची वाट बघत हे परसात तासभर उभे! ऑफिसला लेट. साहेब म्हणाले, "उद्यापासून त्यालाच पाठवा सहीला!"

आता मागच्या मोकळ्या प्लॉटवर अपार्टमेंट झालंय. हे रोज वेळेवर ऑफिसला पोचतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

*

धामण निघाली तेव्हा अख्खी गल्ली मोबाइल घेऊन हजर. "नाग हाय, नाग!"

सर्पमित्र म्हणाला, "अहो, धामण आहे. बिनविषारी. उंदीर खाते, राहू द्या की!" कुणी ऐकतंय होय! नेली तिला. महिन्याभरात उंदरांनी स्कूटरची वायर कुरतडली. पुन्हा फोन केला तर म्हणतो, "मी साप धरतो ओ, उंदीर नाही!"

*

सासूबाई कुरडया वाळत घातल्या की काठी घेऊन बसायच्या, चिमण्यांना शिव्या देत. या उन्हाळ्यात दिवसभर बसल्या, एक चिमणी फिरकली नाही. संध्याकाळी कुरडया गोळा करताना म्हणाल्या, "एकबी कमी न्हाय गं. बरं न्हाय वाटत."

*

नरसक्काच्या घरी चादरींचा माग होता. तो विकल्यापासून ती गप्प गप्प असायची. गेल्या वर्षी शिंपी पक्ष्यानं आमच्या जास्वंदीची पानं शिवून घरटं केलं, आणि त्यासाठी दोरा नेला तो अक्काच्या उरलेल्या सुताचा! अक्का एकदम खुलली. "आमचा माग गेला, ह्याचा तर चालू हाय!"

मग रोज वाळवणाच्या दोरीवर सूत टांगायची, मांजर हाकलायची. पिल्लं उडताना एकदा डोळ्यांनी बघावीत, एवढीच तिची इच्छा.

घरट्यात अंडी दिसली. एका दुपारी बघते तर अक्का जास्वंदीपाशी स्टुलावर उभी, हातात सुईदोरा!

"अक्का, काय चाललंय हे?"

"टाका लई सैल हाय गं. पिल्लं पडतील की! पक्की गाठ मारली बघ, आता सुटत न्हाय."

गाठ खरंच सुटली नाही. शिंपी मात्र परत आला नाही, अंडी तशीच राहिली. अक्का किती रडली!

यंदा जास्वंदीवर पुन्हा शिंपी आलाय. तो दिसला की अक्का दोन्ही हात पदराखाली घेते.