यानकाकांचा बाळ्या

बेल्जियमचा एक माणूस सावेडीत येऊन मेला, त्याला आज वर्ष झालं.

माझ्या शांतामावशीचे मिस्टर. आमचे यानकाका.

वर्षभरात त्यांच्यावर एक ओळ लिहिली नाही. लोक म्हणायचे, अगं लिही, तिकडे पेपरात पानभर आलंय. तिकडे येईलच. इकडे मावशीला दवाखान्यात नेणं, तिचा गॅस बुक करणं, परदेशातून येणारे फोन उचलणं, सगळं माझ्याच गळ्यात. शाळा करून घरी आलं की टाइप करायला बोटसुद्धा उचलत नाही.

आज मात्र लिहायलाच हवं.

काका कॉमिक्स काढायचे. तिकडे कॉमिक्स म्हणजे पोरखेळ नाही, टाय लावलेली माणसं रांगेत उभी राहून सही घेतात. मालवाहू बोटीवर आजोबांबरोबर राहणारा, लाल टोपीचा एक पोरगा, आणि त्याच्या गोष्टी. त्याचं खरं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. मावशी त्याला बाळ्या म्हणायची, म्हणून आमच्या घरात तो बाळ्याच.

दरवर्षी बाळ्याचं एक नवं पुस्तक.

काका म्हातारे झाले. बाळ्या अकरा वर्षांचाच राहिला.

मावशी मूळची पुणतांब्याची. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिकडे नोकरीला गेली आणि यांच्याशी लग्न करून तिकडचीच झाली. मूलबाळ झालं नाही. नाइट ड्युटी करून यायची आणि टेबलाशी बसून काकांच्या पानांत रंग भरायची. बाळ्याची टोपी लाल, हे तिनंच ठरवलेलं.

पुस्तकावर नाव मात्र एकट्या काकांचं. तेव्हा तशीच पद्धत होती म्हणे. बायकोचं नाव कोण घालतंय.

हात थरथरायला लागला तेव्हा काका तिला म्हणाले, चल, आता तुझ्याकडे जाऊ. सावेडीत फ्लॅट घेतला. मराठी मावशीकडून शिकलेले, त्यामुळे एवढा गोरापान माणूस, पण तोंड उघडलं की "लई ऊन हाय." भाजीवाल्या त्यांना कोथिंबीर फुकट द्यायच्या.

सोसायटीतली पोरं वह्या घेऊन यायची. काका, तो बोटीवरचा मुलगा काढून द्या ना. काका त्यांना बिस्किटं द्यायचे आणि दार लावून घ्यायचे. मला तेव्हा माणूस खडूसच वाटायचा.

मग एकदा त्यांना भंडारदऱ्याला घेऊन गेलो.

त्यांना आयुष्यभर डोंगर काढायचे होते. पब्लिशरला बाळ्या हवा असायचा. दुसरं काही दाखवलं की उत्तर ठरलेलं, छान आहे, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष कधी आलं नाही.

काका पाण्याच्या काठाला दिवसभर कागद घेऊन बसले. थरथरत्या हातानं डोंगर आला. पाणी आलं.

पाण्यात बोट आली. बोटीवर टोपी.

कागद टराटरा फाडला. दुसरा घेतला, त्यातही तेच.

येताना गाडीत मावशीनं त्यांना पाणी दिलं, तेवढंच.

शेवटी दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. मावशी औषधं आणायला खाली गेलेली. काकांनी मला जवळ बोलावलं.

"त्या पोरानं मला खाल्लं," म्हणाले. "माझ्यामागं त्याला कुनी काढायचं न्हाई. शांती हो म्हणंल. तू म्हणू देऊ नको."

मी म्हटलं, नाही देणार. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार होते.

काका गेले आणि पंधरवडा झाला नाही तोच पब्लिशरबाईंचा व्हिडिओ कॉल. बाई चांगल्या आहेत, मनापासून रडल्या. मग मुद्द्यावर आल्या. एक तरुण चित्रकार आहे, हात छान आहे, त्याच्याकडून बाळ्याची पुस्तकं पुढे चालू ठेवायची का? परवानगी मावशीची लागणार.

मावशी त्यांच्या भाषेत फाडफाड बोलते. मला एक अक्षर कळलं नाही. फोन ठेवून म्हणाली, नको म्हणून सांगितलं, त्याला आवडलं नसतं.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पण त्यानंतर मावशी वाळतच गेली. जेवण नावाला. रंगांच्या बाटल्या कपाटातून काढायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या. मी दोन डॉक्टर बदलून पाहिले. रिपोर्ट नॉर्मल. वय झालंय, म्हणाले.

आज सकाळी तिला स्कूटरवर मागे बसवून कबरस्तानात नेलं. फुलं ठेवली, प्रार्थना झाली. मी निघू या म्हणणार, तर ती हलेचना. कबरीकडे बघतच बोलली.

"चाळीस वर्सं याचं ऐकलं. मेल्यावर बी वरीसभर ऐकलं. बाळ्या याला नकोसा झाल्ता. मला न्हाई झाला."

मग माझ्याकडे वळली.

"लावतीस का फोन?"

काकांना दिलेला शब्द अगदी जिभेवर आला होता. सांगायला हवं होतं तिला. पण हे त्या दोघांचं पोर होतं, आणि दोघांपैकी एकाचंच सगळ्यांनी ऐकलं होतं. मीसुद्धा.

तिकडे अजून उजाडायचं होतं, म्हणून दुपारी लावला.

मावशी हो म्हणाली. रंग भरले की पानं आधी सावेडीला यायची, तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायची नाहीत, असं सांगितलं म्हणे. आणि पुस्तकावर आता तिचंही नाव घालायचं. बाई लगेच कबूल झाल्या. एवढ्या वर्षांत कुणी मागितलंच नव्हतं, म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर तिनं भाकरी मागून घेतली. मी ओट्याशी उभी राहून रडले.

काका, तुम्ही थकला होतात. दिसत होतं मला, आणि तरी तुमचा शब्द पाळला नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको.

झोपा आता निवांत.

बाळ्याकडे आम्ही बघतो.