गल्लीचे नळ मी कसे बंद केले

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. इथं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून लग्नानंतर मी पिंपांचीसुद्धा यादी ठेवू लागले. पुढं छतावरचं पावसाचं पाणी हौदात सोडायची टूम निघाली, तेव्हा पाइप, जाळी, गाळणी अशी यादी करून मी गल्लीतल्या नऊ घरांत हौद बांधायला लावले. दोन पावसाळे हौद भरले. मग मला सुचलं, नळपट्टी तरी कशाला भरायची? नऊही घरांचे नळ बंद करायचे अर्ज मी एकगठ्ठा महापालिकेत दिले. कारकून म्हणाला, "सगळी गल्लीच चालली का, ताई?" मला ते कौतुक वाटलं.

उरले दोन नळ. त्यातला एक टोकाच्या पत्र्याच्या खोलीतल्या शिंपीचाचांचा. अर्जावर सही नाही म्हणून मी त्यांना 'विरोधात' या रकान्यात टाकलं होतं.

महिन्याभरात त्या दोन नळांचं पाणी पंधरा दिवसांवर गेलं. मी व्हॉल्व सोडणाऱ्याला जाब विचारला.

"दोन नळांसाठी आख्खी लाइन भरावी लागते, ताई. पट्टी कोण भरून राहिलं? साहेब म्हणले, परवडत न्हाई."

चाचा दारातच होते. म्हणाले, "पाऊस आमच्या पत्र्यावर बी पडतो, ताई. ठेवायचा कुठं? दोन पिंपं बसतात घरात. तिसरं आणलं तर मशीन बाहेर काढावी लागंल."

मशीन बाहेर म्हणजे धंदा बाहेर. माझ्या हौदातून न्या म्हटलं, तर म्हणाले, "बायकोचे गुडघे न्हाई चालत. मी शिवू का घागरी वाहू?"

नळ परत जोडायची नवी यादी घेऊन मी पुन्हा घरोघर फिरले. शेजारचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीच म्हणलात ना, फुकटची पट्टी कशाला? आता खरं कोणतं?"

"दोन्ही," मी ठामपणे म्हटलं. आणि पेन पुढं केलं.

पाच जणांनी सह्या दिल्या, सहावी माझी. नळ जोडायचे पैसे, रस्ता खोदायचे वेगळे. कारकुनानं पावती फाडत आठवण करून दिली, "तोडायचं फुकट होतं."

नळ जोडल्यावर व्हॉल्ववाल्यानं बोटांवर आठ नळ मोजले. "येतो मग आठ दिवसाला. पण ताई, आता लई सुधारणा करू नका."

मी मान डोलावली. सांडपाण्यावर बाग फुलवायच्या योजनेचा कागद पिशवीत होता, तो तसाच खाली सरकवला.