जवसाच्या चटणीतलं आळं

“मॅडम, तुमचा हा पेशंट चोरून मटण खातोय,” असं म्हणत डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर टाकला. पेशंट, म्हणजे बाबाराव, समोरच बसले होते.

मी अमरावतीच्या एका खाजगी दवाखान्यात डायटिशियन होते. कापूस आणि सोयाबीन दोघांनीही दगा दिलेली ती वर्षं. लोक दवाखान्याची पायरी नाइलाजानं चढायचे आणि आमचा छापील चार्ट त्यांना बदाम, अक्रोड, ऑलिव्ह ऑइल खायला सांगायचा. बाहेरच्या टपरीवाल्याला भजी बांधायला कागद कमी पडत नसे. म्हणून मी नवा चार्ट केला. ज्वारीची भाकर, भिजवलेले मेथीदाणे, लसूण आणि जवसाची चटणी. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधाकडेला, जवसाच्या दोन ओळी तेव्हाही कोणी ना कोणी पेरायचंच.

डॉक्टर हसले. “चटणीनं कोलेस्टेरॉल उतरलं तर गोळ्यांचं लोणचं घालायचं का?” त्यांना माझी खोली ईसीजी मशीनसाठी हवी होती. बाबारावांचा रिपोर्ट सुधारला तर खोली माझी, नाहीतर तीन महिन्यांनी मी घरी, असं ठरलं. आमच्या घरात तेव्हा माझ्या एकटीचाच पगार येत होता.

बाबाराव मी पारखून निवडले होते. राहणारे चांदूर रेल्वेचे. उभी जिंदगी कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर गेलेली. मी सांगितलेलं पीठ, भाजी, जवस, सगळं ते घरी तराजूत टाकून मगच खायचे. असा पेशंट नशिबानं मिळतो.

आणि त्यांचाच रिपोर्ट बिघडला. लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. एलडीएल हे रक्तवाहिनीत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल. ते जागचं हललं नव्हतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्याची रक्तात फिरणारी चरबी, मात्र वर गेली होती. वजनही वाढलं होतं.

“मी काहून खोटं बोलू?” बाबारावांचा चेहरा उतरला. “जिंदगी काट्यावर गेली, कोनी बेइमान म्हनलं नाई. डॉक्टरसायेब, तुमी रविवारी घरी या. न सांगता या. मटनाचं हाडूक सापडलं त मले जोड्यानं मारजा.”

डॉक्टर हट्टाला पेटले. रविवारी आम्ही त्यांच्या गाडीतून चांदूर रेल्वेला पोचलो. बाबारावांच्या पत्नी, कुसुमकाकी, चुलीपुढे बसल्या होत्या. डॉक्टरांनी नमस्कार केला आणि सरळ फडताळ उघडलं. डबे हुंगले. फरसाण नाही, वडी नाही, तुपाचं भांडं रिकामं.

“सापडलं का काई?” बाबारावांनी विचारलं.

डॉक्टरांनी शेवटच्या डब्याचं झाकण लावलं. इथे चोरी नव्हती, तर माझा चार्टच खोटा ठरत होता.

“आले आहा त जेवूनच जा,” काकी म्हणाल्या. वऱ्हाडात याला नाही म्हणता येत नाही. ताटात भाकर, घोटलेली पालेभाजी, ताक आणि जवसाची चटणी आली. चार्टबाहेरचं काही नाही.

डॉक्टर मूळचे अकोल्याचे, म्हणजे वऱ्हाडीच. त्यांनी बोलता बोलता बोटानं चटणीच्या ढिगात आळं केलं आणि ताट काकींपुढे सरकवलं. मीही केलं. काकींनी बरणीतून शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार सोडली. आमची आळी भरली. मग बाबारावांचं. ते भरून वाहिलं तरी धार थांबेना.

माझा घास हातातच राहिला.

“बाबाराव, हे तेल तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“तेल का खानं असते का मॅडम? कोरड्या चटनीनं ठसका लागते.”

“रोज घेता?”

“दोन्ही टाइम. तुमीच त सांगतलं, दोन्ही टाइम चटनी खाजा. पयले मी कधीमधीच खात जाओ.”

“आणि तोलून?”

“चटनी तोलून,” बाबाराव म्हणाले. “तेल कोन तोलते?”

डॉक्टरांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. मग भाकरीच्या तुकड्यानं आळं निपटून घेतलं, कारण काकी बघत होत्या.

चटणी दह्यात कालवायची, असा बदल मी केला. पुढच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड खाली आलं, एलडीएलही थोडं उतरलं. थोडंच. डॉक्टरांनी एक छोटी गोळी दिलीच आणि ती योग्यच होती. जवस हातभार लावतं, सगळं ओझं उचलत नाही. “बेइमान नव्हतो ना?” एवढंच बाबारावांनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांची माफी मागितली.

गोळी लागली म्हणजे मी हरलेच, असं धरून मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी माझं सामान पिशवीत भरत होते. डॉक्टर आत आले, दार लोटून घेतलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. हातात लिपिड प्रोफाइल होतं, त्यांचं स्वतःचं.

“ईसीजी मशीन जिन्याखाली मावतंय,” ते म्हणाले. “दह्यात किती कालवायची म्हणालात?”

तेव्हापासून मी पेशंटला काय खाता हे नंतर विचारते. आधी विचारते, ते घशाखाली कशानं उतरवता.