पाचव्या ठरावाला माझे हात रिकामे नव्हते

"ए बाई, पुढच्या रांगेला पाणी दे."

सफारीतल्या माणसानं माझ्या हातात स्टीलचा जग दिला. दुसऱ्या हातावर ग्लासांचा ट्रे टेकवला. आणि मी घेतला.

मी घेतला, ह्याचीच लाज आहे. त्यानं दिला ह्याची एवढी नाही. त्यानं काय, माझं लुगडं बघितलं, झिजलेली चप्पल बघितली आणि ठरवून टाकलं. पण मला तोंड होतं की. कनवटीला प्रवेशपत्र होतं. "मी पाणी द्यायला आले न्हाई, मी ह्या कंपनीची भागधारक हाय," एवढं म्हणायला काय लागत होतं? हात आपोआप पुढं झाले. कुणी काही दिलं की धरायचं, एवढंच त्या हातांना शिकवलेलं होतं.

लातूरच्या एका मंगल कार्यालयात वीज कंपनीची वार्षिक सभा होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जिकडं तिकडं नव्या रंगवलेल्या पाट्या. जिल्हा झाला, आता सगळं भलं होणार, असं एस. टी.त सुद्धा माणसं बोलत होती. आणि बाहेर दुष्काळ असा, की बसच्या खिडकीतून हिरवं म्हणून काही दिसेना.

मी तिथं कशी, ते सांगते.

आमचं गाव उदगीरकडचं. आमची वस्ती वेशीबाहेर, खालच्या अंगाला. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते, म्हणून आमच्या आज्यानं वस्ती गोळा करून आमच्या इनामी तुकड्यात विहीर खोदलेली. काळ्या दगडात. पाणी गोड. मग वीज कंपनी आली. जमीन घेतली. बदल्यात ज्यांची ज्यांची जमीन गेली त्यांना थोडे पैसे दिले आणि एकेक शेअर दिला. विहीर वस्तीला कायम खुली राहील, असा शब्द दिला. तोंडी.

गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, त्यांना अख्खा गाव मालक म्हणतो, ते कंपनीचे संचालक झाले. वस्तीतल्या बाकीच्यांनी अडीनडीला आपापले शेअर त्यांनाच विकले. माझ्या बानं विकला नाही. कागद पेटीतून काढून मला दाखवायचा आणि हसायचा. म्हणायचा, "बघ बाई, आपला बी एक हिस्सा हाय." बा गेला. शेअर माझ्या नावावर झाला. मी दहावीत नापास झालेली, पण वाचता येत होतं.

त्या साली सभेची नोटीस आली तेव्हा मी एकेक ओळ वाचली. पाचवा ठराव असा, की कंपनीच्या हद्दीतला तो तुकडा विहिरीसकट एका बर्फाच्या कारखान्याला वर्षाच्या करारानं द्यायचा. कारखाना कुणाचा? मालकांच्या पोराचा. वस्तीत घागरभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या आणि हे आमच्या पाण्याचा बर्फ करणार होते. अंगाची लाही लाही झाली माझ्या.

नोटिशीत हेही लिहिलेलं, की ठरावावर आधी हात वर करून मत घ्यायचं. मालकांचे शेअर ढीगभर, माझा एक. पण हात मोजताना ज्याचा त्याचा एकच हात. हे वाचून मला केवढा हुरूप आला होता!

माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. हातोडा खाली ठेवून म्हणाली, "जा माय. हात वर करून ये. विहीर गेल्यावर कुठं जावं आपून?"

तर अशी मी आलेली. आणि माझ्या हातात जग.

पुढच्या रांगेला पाणी दिलं. ग्लासात बर्फाचे खडे खळखळत होते. मुंबईहून आलेले, हैदराबादहून आलेले, इस्त्रीच्या कपड्यांतले लोक. माझ्या हातचं पाणी गटागटा प्यायले. कुणी वर बघितलं नाही. शेवटून दुसरे मालक बसले होते. त्यांनी अर्धा ग्लास प्याला आणि मग वर बघितलं.

ओळखलं.

तोंडातलं पाणी गिळावं का थुंकावं, हे त्यांना कळेना. शेवटी गिळलं. उरलेला अर्धा ग्लास त्यांनी खुर्चीशेजारी ओतून दिला. सतरंजीवर. माझ्या पायाजवळ.

बाजूच्या साहेबानं विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई. आमच्याच गावची हाय. वेशीबाहेरची," मालक हसून म्हणाले. मग त्या सफारीवाल्याला, "दुसरं कुणी न्हाई का रे पाणी द्यायला?"

सतरंजीनं पाणी पिऊन टाकलं. बर्फाचा एक खडा तेवढा राहिला. माझी माय आठवडाभर डोक्यावरून न्हाली नव्हती आणि मी त्या खड्याकडं बघत उभी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी जग खाली ठेवला नाही. लोकांच्या पायात जग कसा ठेवावा, असं वाटलं मला. अरे, त्यांनी माझ्या पायात पाणी ओतलं होतं! आणि मी त्यांच्या सतरंजीची काळजी करत होते.

तेवढ्यात स्टेजवरून अध्यक्षांचा आवाज आला, "ठराव पाचवा. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. मालकांचाही झाला. पोराच्या कारखान्यासाठी बापाचा हात.

"विरोधात?"

उजव्या हातात जग. डाव्या हातात ट्रे. मी ठेवायला जागा शोधली. खुर्ची रिकामी नव्हती, टेबल लांब होतं. तोंडानं ओरडता आलं असतं, ते सुद्धा केलं नाही. अध्यक्षांनी मान सुद्धा वर केली नाही.

"एकमतानं मंजूर."

टाळ्या पडल्या. एकमतानं म्हणजे त्यात मीही आले. आज्याची विहीर मीसुद्धा दिली, असं झालं ते.

घरी आले तर माय उंबऱ्यात बसलेली.

"केलास का हात वर?"

"हात रिकामे नव्हते, माय."

"काय होतं हातात?"

"पाणी."

माय म्हणाली, "त्यान्ला पाणी पाजून आलीस व्हय." एवढंच. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती.

आठ-पंधरा दिवसांत विहिरीला काटेरी तार लागली. वॉचमन बसला. वस्तीतल्या बाया गावच्या विहिरीवर जाऊ लागल्या. चढायचं नाही. खाली घागर ठेवून उभं राहायचं, वरच्या कुणाला दया आली तर ती वरून ओतणार. माय माझ्या आधी उठायची आणि जायची. मला येऊ द्यायची नाही. एकदा मी मागून गेले. माय घागरीशी हात जोडून उभी होती. वर एक माझ्या वयाची पोरगी गप्पा मारत होती, तिचं लक्षच नव्हतं. मी तशीच माघारी फिरले. रस्त्यात बसून रडले. मग स्वतःलाच शिव्या दिल्या, मनसोक्त.

पुढल्या साली करार वाढवायचा ठराव पुन्हा आला. मी पुन्हा लातूरला गेले. तेच कार्यालय, तोच सफारीवाला. त्यानं मला बघितलं आणि जग पुढं केला.

"माझ्या हातात द्यायचं न्हाई."

"मग कोण देणार पाणी?"

"तुम्हाला हात हायेत की."

दुसऱ्या रांगेत खुर्ची होती, तिच्यात जाऊन बसले. दोन्ही हात मांडीवर.

ठराव आला. हात वर झाले, खाली गेले. अध्यक्ष म्हणाले, "विरोधात कोणी नाही. एकमतानं..."

"हाय. मी हाय विरोधात."

हात वर केला. पोलकं बगलेत उसवलेलं होतं. सकाळी टाका घालायचा राहून गेला होता. हात वर गेला तसं सगळ्यांना दिसलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. कानाच्या पाळ्या तापल्या. लाजेनं मेले मी. पण हात खाली घेतला नाही.

मालक खुर्चीतच वळले. "अगं, तुझ्या बानं हयातीत माझ्यापुढं नजर वर केली न्हाई."

"बा गेला, मालक. आता माझ्याशी बोला. कारखाना तुमच्या पोराचा, अन् हात बी तुमचाच वर. ही कुठली रीत?"

अध्यक्षांनी बाजूच्या सेक्रेटरीकडं बघितलं. सेक्रेटरीनं कागदाकडं बघितलं.

"ते बघू आपण," अध्यक्ष म्हणाले. "एका हातानं ठराव पडत नाही, बाई."

"पडत न्हाई, ते मला कळतंय. पण एकमतानं लिहू नका. मी हाय म्हणून लिवा."

सेक्रेटरीनं खोडलं. बहुमतानं मंजूर, असं लिहिलं. तोवर माझा हात वरच होता, दंड दुखून आला तरी.

विहीर मिळाली नाही. तार अजून तशीच आहे. बर्फाचा ट्रक आमच्या वस्तीसमोरून जातो, मागून पाणी ठिबकत. मालक मला बघून मान फिरवतात. माय त्याच घागरी वाहून म्हातारी झाली. कुणी विचारतं, मग तू मिळवलंस काय? काही नाही. विहीर माझ्यासमोर गेली, आणि त्या दिवशी मी जग धरून उभी होते. ही लाज माझ्या अंगावरून उतरत नाही. उतरावी असंही मला वाटत नाही.

दर साली ठराव येतो. दर साली मी जाते. सभेला जाताना हातात काही नेत नाही. पिशवी नाही, छत्री नाही. प्रवेशपत्र कनवटीला. कुणी काही धरायला दिलं, तर ते खाली पडतं. पडू दे.