अभ्यासिकेच्या लेखातले दहा संदर्भ

गेल्या वर्षी आमच्या नियतकालिकाला चार वर्षं झाली. विषय माहितीमिती. नातेवाइकांना मी सोपं करून सांगायचे: एखादा लेख पुढे किती जणांनी आपल्या लेखात संदर्भ म्हणून दिला, याची मोजदाद करणारं शास्त्र. माझी जाऊ म्हणाली, "म्हणजे लग्नाला कोण कोण आलं ते लिहून ठेवतात तसं." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तिला ते माझ्यापेक्षा बरं कळलं होतं.

संपादक माझे सर, निवृत्त प्राध्यापक, राहायला कोलशेतला. मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि नियतकालिकाची सहसंपादक. शनिवारी दुपारी सरांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही आलेले लेख वाचायचो. सुरुवातीला काय घ्यायचं आणि काय नाही याबद्दल आम्ही फार कडक होतो. ग्रंथालयं, नियतकालिकं, संदर्भांचा अभ्यास, बस. लेख चांगले यायचे, पण त्यांचा उल्लेख कुठे होत नव्हता. उल्लेख नाही म्हणून प्रभावांक, म्हणजे नियतकालिकाचं वजन ठरवणारा आकडा, नाही, आणि प्रभावांक नाही म्हणून पुढचे चांगले लेख दुसरीकडे जायचे.

प्रभावांक काढताना मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचेच संदर्भ धरतात, त्याआधीचे नाही. मग लेखकांना जाणाऱ्या पत्रात मी एक वाक्य घातलं: 'आपल्या विषयावर आमच्या अलीकडच्या अंकांत आलेले लेख आपण पाहिलेत तर बरं होईल.' सरांनी 'पाहिलेत तर बरं होईल' खोडून 'विचारात घेणं अपेक्षित आहे' केलं. मी पत्र तसंच पाठवायला लागले. लेखक समजायचं ते समजले.

आकडा वाढायला लागला. त्याबरोबर आमचा कडकपणाही गेला. ज्यात काहीतरी मोजलंय असा कुठलाही लेख चालू लागला. सरांनी आलेख काढून भिंतीवर लावला. अशी सरळ चढण म्हणजे काहीतरी गडबड आहे हे ओळखायचं कसं, यावर आम्हीच एक लेख छापला होता. मी तो उघडून आमचे आकडे ताडून पाहिले आणि फाइल बंद केली. सरांना सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला तो आकडा आवडायला लागला होता.

त्याच सुमारास, ग्रंथालयशास्त्राच्या एम.लिब.च्या वर्गाला मी तास घ्यायचे तिथल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा लेख आला. दिवा स्टेशनपाशी राहायची, कल्याणच्या एका कॉलेजात कंत्राटी शिकवायची. तिथेच कायम जागेसाठी मुलाखत होती आणि त्याआधी एक लेख छापून यायला हवा होता. तिनं दिव्यातल्या अभ्यासिकांची रजिस्टरं महिनोन्‌महिने बसून मोजली होती: स्पर्धा परीक्षेची मुलं कोणती पुस्तकं मागतात, कोणती मिळतात, कोणती फाटेपर्यंत फिरतात. लेख सुरेख होता. आमचं ते पत्र तिलाही गेलं.

तिचा फोन आला. "मॅडम, मी बघितले ते लेख. माझ्या कामाशी काहीच कनेक्शन नाहीये. उगाच कसे घालू?"

"अगं, घाल दोन-चार. सगळेच घालतात."

"बघते," म्हणाली. मागे कोणीतरी टँकर आल्याचं ओरडत होतं, तिनं घाईनं फोन ठेवला.

सुधारलेला लेख आला तेव्हा त्यात एकही भर नव्हती. सर यादी पाहून म्हणाले, "फारच जुने संदर्भ आहेत हो हिचे." मी मान डोलावली. शेवटच्या मुद्रितात मी एक वाक्य घातलं, 'याविषयी अन्यत्रही बरंच काम झालं आहे', आणि त्याला आमच्या ताज्या अंकांतले दहा संदर्भ जोडले. तिला कळवलं, मी सगळं तपासलंय, तू फक्त होकार पाठव. तिनं लगेच पाठवला. माझ्यावर विश्वास होता तिचा.

अंक निघाल्यावर महिनाभरानं, नियतकालिकांच्या ज्या सूचीत आमचं नाव होतं ती काढणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. आमच्याच लेखांतून आमचेच संदर्भ इतके का, याचा खुलासा हवा होता. सरांनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं. "आपल्याला कोणीतरी मोजतंय," म्हणाले. मग उत्तर सांगायला लागले, मी टाइप करत गेले: संदर्भांची निवड सर्वस्वी लेखकांची असते. माझी बोटं थांबली नाहीत. त्याच आठवड्यात तिची मुलाखत होती, हे मला तेव्हा चांगलं आठवत होतं.

मुलाखतीनंतर दोन दिवसांनी ती माझ्या ग्रंथालयात आली. समोर बसली आणि लेखाची छापील प्रत टेबलावर ठेवली.

"पॅनलवरच्या एका सरांनी हाच लेख समोर ठेवलेला," ती म्हणाली. "कापडगिरण्यांच्या पेटंटवरच्या पेपरमधून तुम्ही काय घेतलंत, विचारलं. मला तो पेपरच माहीत नाही मॅडम. मग दुसरा विचारला, तिसरा विचारला. चौथ्याला मी खालीच बघत राहिले. न वाचता संदर्भ देता, मग मुलांना काय शिकवणार, म्हणाले. यादी लागली काल. वेटिंगलाही नाव नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, मी तसं लिहून देते, असं काहीतरी पुटपुटले. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. टेबलावरची पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"तुम्ही घातलेत त्यांच्यावर खूण करा. मला एकदा बघायचंय."

मी यादीवरून खाली उतरत गेले. आमच्या नियतकालिकाचं नाव दिसलं की खूण, दिसलं की खूण. तिनं प्रत आपल्याकडे फिरवून खुणा मोजल्या. अकरा भरल्या.

"हा तुम्ही नाही घातलात," तिनं एकावर बोट ठेवलं. "हा माझा आहे."

लेख माझाच होता. आमच्या पहिल्या अंकातला, चार वर्षांपूर्वीचा. आकड्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"एम.लिब.ला असताना वाचलेला," ती म्हणाली. "त्याच्यावरूनच मला रजिस्टरं मोजायचं सुचलेलं."

तिनं रबर घेऊन तेवढी एक खूण पुसली आणि प्रत पिशवीत घालून निघून गेली.